बनुबाईच्या सुतळ्या

बनुबाईच्या शेडात डुकरिनींचे पाच कप्पे. दर कप्प्याच्या भिंतीला वरती एक खिळा, आन् खिळ्याला एक सुतळी लटकलेली. नवखं मानूस आलं की त्याला वाटायचं, बाईनं नजर लागू नये म्हनून काहीतरी बांधलंय. तसलं काय न्हाई. बनुबाईला लिवाया येत न्हाई, म्हनून ती गाठी मारती. एका डुकरिनीची एक सुतळी. ती व्याली, पिल्लं दीड महिन्याची झाली, आईच्या दुधावरनं तोडली, की जेवढी जित्ती निघाली तेवढ्या गाठी. एक वेत सपलं की मधी लाल चिंधी बांधायची, म्हंजी पुढचं वेत कुठनं सुरू झालं ते कळतं. मेलेल्याची गाठ न्हाई. मेलेलं मोजून कुनाचं भलं झालंय, असं म्हनायची.

शेड पुनतांब्याच्या बाहेर, नदीकडं जाताना उसाच्या पल्याड हाय. तिचा नवरा आसाराम आधी दोन संकरित गाया धरून हुता. धा-अकरा वर्सांमागं कुठल्याशा शिबिराला गेला, तिथं पांढरी विलायती डुकरं बघितली आन् घरी येऊन म्हनला, आपन ह्येच करायचं. भावकीनं तोंड फिरवलं. नणंद अजून बी येती, पन पान्याची बाटली घरनं भरून आनती. बनुबाई तिला पानी इचारतच न्हाई. "वन्सं, बाटली सपली तर सांगा, नदी जवळच हाय," एवढं म्हनती आन् भाकरी थापाया बसती. नणंद बी हसती. आता त्याचं कुनाला काय वाटत न्हाई.

काम मातर लई. शिर्डीच्या हॉटेलांतनं उरल्या-सुरल्या अन्नाचे दोन ड्रम रोज येत्यात. ते मोठ्या चुलीवर चांगलं उकळायचं, गार करायचं, त्यात मक्याचा भरडा कालवायचा. शेन काढायचं, फरशी धुवायची, परत दुपारी तेच. बनुबाई अठ्ठावन्नाची झाली. गुडघं गेलं. बसली की उठाया भिंत लागती, आन् उठली की पुन्हा बसाया जीव होत न्हाई, कारन पुन्हा उठावं लागंल. तशीच उभ्यानं चहा पिती.

बाई मूळची धिप्पाड. माहेर नेवाशाकडचं, घरी शेळ्या. सासू बघाया आली तवा बनुबाई आडावरनं दोन हंडे घेऊन येत हुती, एक डोक्यावर, एक कमरंवर. सासूनं दंडाला हात लावून बघितला आन् म्हनली, "पोरगी भरलीय. कामाला येईल." वय कुनी इचारलं न्हाई. अंगानं वीस वर्सांची दिसत हुती, पन हुती पंधराची. वर्साच्या आत दिवस गेले. पहिलं आठव्या महिन्यातच गेलं. दुसरं बाराव्या दिशी गेलं. सासू आल्या-गेल्याला सांगायची, एवढी दांडगी बाई आन् लेकरं टिकंनात. बनुबाई खाली मान घालून दळत बसायची. मंग चार वर्सांनी जो झाला तो टिकला. तो आता चाकनला कंपनीत हाय. त्याची बायकू रेश्मा, ती पारनेरकडची. ती मातर चाकनला गेली न्हाई. म्हनती, तिथं एका खोलीत बसून भिंती बघण्यापरीस हितं डुकरं बघते, ती निदान वळून बघत्यात तरी.

रेश्मा हुशार. सुई टोचाया शिकली, पिल्लाचे दात कापाया शिकली, मोबाईलमधी समद्यांची वजनं टाकती. शेड तिलाच द्यायचं असं बनुबाईच्या मनात लई दिसांपासनं हाय. पन दसऱ्याच्या आधी आसाराम जेवताना बोलला.

"यंदा दोन नव्या आया ठेवायच्यात. त्या जर नीट निघाल्या न्हाई तर शेड बंद. माझ्यानं ड्रम उचलवत न्हाईत. तुझ्यानं बसवत न्हाई. पिल्लं जर राहतच न्हाईत तर कशाला मरायचं?"

रेश्माचा घास हातात तसाच राह्यला. बनुबाईनं त्याला ताक वाढलं. त्याचं खोटं नव्हतं. तीन वर्सं झाली, दर वेताला पिल्लं कमीच निघत हुती. धा व्यायची, पाच राहायची. एखादी डुकरीन दोन वेतं द्यायची आन् मंग माजावरच येईना. औषधं झाली, खुराक बदलला, फरशीवर भुसा टाकला. काय उपेग न्हाई. खरं सांगायचं तर बनुबाईला अर्ध्या मनानं वाटायचं, होऊ दे बंद. सकाळी उठून उगाच उन्हात बसावं, शेंगा फोडाव्या. पन मंग रेश्माकडं बघितलं की ते अर्धं मन गप बसायचं.

आई कोन ठेवायची, ह्याचा शेडात एक नेम हुता, आन् तो बनुबाईनंच घालून दिलेला. माहेरी शेळ्यांत तिचा बाप जी पाठ, म्हंजी मादी करडू, आधी मोठी व्हायची ती घरी ठेवायचा, बाकीच्या बाजारी. आसारामानं चार वर्सांमागं काटा आनला तवा बनुबाई म्हनली, आपन बी तसंच करू. एका हंगामाच्या पिल्लांत जी आधी नव्वद किलोला भरंल ती आई. आसारामाला ते लई पटलं. त्यो निळ्या रंगाचा डबा घेऊन यायचा आन् तिच्या पाठीवर पट्टा मारायचा. पट्टा पडला की ती ठरली. वजन भरलं, पहिला माज आला, की लगेच नराकडं. बाकीच्या टेम्पोत.

काटा यायच्या आधीची एकच डुकरीन शेवटपतुर राह्यली हुती, तांबडी. तिच्या कानाला तांबूस झाक हुती म्हनून तांबडी. ती राह्यली ते बी ठरवून न्हाई. टेम्पोवाल्यानं तिला हात लावला आन् म्हनला, हिच्यात काय न्हाई, पुढच्या खेपंला बघू. पुढच्या खेपंला आला तवर ती गाभन. आठ महिन्यांनी कुठं ती नव्वदीला पोचली असंल, कुनी मोजलंच नव्हतं. ती यंदा वैशाखात गेली, शेवटची पिल्लं तोडली आन् आठच दिसांनी. तिचा कप्पा मोकळाच हुता. सुतळी कुनी काढली नव्हती.

तर बुधवारी वजनं करायची हुती. शुक्रवारी टेम्पो यायचा. सात माद्या काट्याला लावायच्या, त्यातल्या दोन ठेवायच्या, पाच द्यायच्या. शिवाय लंगडी जायची. ती दोन वेतांतच पायानं बसली हुती.

रेश्मा मोबाईल घेऊन उभी राह्यली. आसाराम फळी धरून एकेकीला काट्यावर घालत हुता.

"सरपंचीन आली बगा मामा," रेश्मा म्हनली. ही मादी थोरली नावाच्या डुकरिनीच्या पोटची. चालायचीच अशी, मान वर, कुनाकडं न बघता, समद्यांना बाजूला सारत. म्हनून रेश्मानंच तिला ते नाव पाडलं हुतं.

"किती?"

"ब्यान्नव."

आसारामानं फळी खाली ठेवली. "ब्यान्नव? कितीची हाय ती?"

"साडेपाच महिन्यांची. बाकीच्या तर तिच्यापरीस दीड महिन्यानं थोरल्या हायेत."

"तांबडीच्या पोटच्या ना त्या. आपल्या शेडात येवढं कुनीच भरलं न्हाई आजपतुर." त्यानं तिच्या पाठीवर तळहात दाबला. सरपंचीन जागची हालली न्हाई, कान ताठ करून उभी राह्यली. माजावर आल्ती. आसारामाला लई दिसांनी हसू आलं. "ही आपलं शेड वाचवनार. उद्या दुपारी नराकडं सोडू." त्यानं डबा उघडला आन् नेहमीपरीस रुंद पट्टा मारला.

बाकीच्या झाल्या. एक शहाऐंशी भरली, उरलेल्यांत तीच जड, म्हनून तिला त्यानं दुसरा पट्टा मारला. शेवटी बारकी. तांबडीच्या पोटची, सात महिन्यांची, आन् अठ्ठावन्न किलो. तिच्यावर बनुबाईचा जीव. तांबडीसारखेच कान.

"हिला ठेवायची का?" बनुबाईनं हळूच इचारलं.

"हिला? अगं, हिला आई व्हायला अजून दुसरा जन्म लागंल."

रेश्मा हसली, बनुबाई बी हसली. पन तिच्या मनात ते राह्यलं.

दुपारी आसाराम ड्रम आनाया गेला तवा बनुबाईनं स्टूल घेतला आन् लंगडीची सुतळी काढली. लंगडी जानार, तिची सुतळी कशाला ठेवायची. लंगडी कप्प्यात आडवी पडली हुती. तिला उठाया लागलं की पुढचे पाय आधी गुडघ्यावर टेकायची आन् मंग मागचं धूड उचलायची. बसताना तर धपकन. ती बसली की बनुबाई धावायची, कारन खाली कोन ना कोन पिल्लू असायचं. दुसऱ्या वेताला तीन पिल्लं अशीच गेली. बनुबाईनंच उचलून खड्ड्यात टाकली हुती. लंगडीचा राग आला न्हाई तिला. लंगडी बसायची कशी ते तिला ठाऊक हुतं. आपले गुडघे बी तेच सांगत्यात.

सुतळी काढली ती इतभर. पहिल्या वेताच्या सहा गाठी, एक चिंधी, दुसऱ्याच्या चार. बस.

स्टुलावर उभी हुतीच, म्हनून तिनं शेजारची तांबडीची सुतळी बी काढली. ती खाली यायला लागली ती येतच राह्यली. खिळ्याला दोन-तीन येढे घालून ठेवलेली हुती. बनुबाईनं भरड्याच्या पोत्यावर दोन्ही सुतळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. लंगडीची सपली तिथं तांबडीची अजून सुरू बी झाली नव्हती. नऊ, चिंधी. धा, चिंधी. आठ. पुन्हा धा. बोटानं चाचपत ती गेली. नऊ वेतं.

एवढी वर्सं त्या सुतळ्या आपापल्या खिळ्याला हुत्या. ज्या कप्प्यापुढं उभी राह्यली, त्या कप्प्याची गाठ मारली आन् पुढं गेली. दोन सुतळ्या कधी शेजारी ठेवल्या न्हाईत. कशाला ठेवायच्या, तेवढा येळ कुनाला हुता?

"रेश्मा, हिकडं ये गं. तेवढ्या बाकीच्या बी काढ. मला वर हात पोचंना."

रेश्मानं तीन सुतळ्या काढून आनल्या. थोरलीची, सरपंचीनची आई ती. सात आन् तीन, आन् त्याच्या फुडं तीन महिनं झाले माज न्हाई. दुसरी, आठ, पाच. तिसरी तर पहिल्याच वेताला चार. समद्या निळ्या पट्ट्याच्या.

रेश्मा पोत्याशेजारी खाली बसली. मोबाईल काढला, कोन किती दिसांत नव्वदीला पोचलं ते बघितलं, आन् एकेका सुतळीवर बोट ठेवलं. "आत्या, जी आधी भरली तिची सुतळी समद्यांत आखूड हाय."

"व्हय."

"हा नेम मामांनी काढला?"

"न्हाई. मी काढला." बनुबाईनं सुतळ्यांची गुंडाळी केली. तिला एकदम लई थकवा आला. चार वर्सं आपल्याच हातानं चांगल्या चांगल्या टेम्पोत चढवल्या, आन् मंग पिल्लं का राहत न्हाईत म्हनून देवाला इचारत बसलो.

गुरुवारी सकाळी जनावरांचा सुहास डॉक्टर आला. तालुक्याला नोकरी, घर नगरला सावेडीत, शनिवारी तिकडं जायचा. बारीक अंगाचा, सावकाश बोलनारा मानूस. लहान पिल्लांना लोहाचं इंजेक्शन द्यायचं हुतं. काम झाल्यावर बनुबाईनं त्याच्यापुढं सुतळ्या टाकल्या. आसाराम शिर्डीला ड्रम आनाया गेल्ता.

डॉक्टरनं सुतळ्या हातात घेतल्या, एकेक गाठ मोजली. मंग म्हनला, "मावशी, ही नोंद कुठल्या शेडात नाही. मी कितीतरी जणांना सांगून थकलो, लिहून ठेवा म्हणून."

"मला लिवता येत न्हाई म्हनून ठेवली. आता सांगा, जी लवकर वाढती तिची पिल्लं का राहत न्हाईत?"

"लवकर वाढणं वाईट नसतं. पण तुम्ही तेवढं एकच बघितलं. अंगावर जे भरतं ते मांस. हाडं त्या वेगानं पक्की होत नाहीत, म्हणून पाय जातात. पाठीवर चरबीचा थर पातळ राहतो. पिल्लांना पाजताना आई आपल्या अंगातलं मोडून देते. मोडायला शिल्लकच काही नसलं तर दूध आटतं, पिल्लं मरतात, आणि पुढचा माज येत नाही. त्यात तुम्ही पहिल्याच माजाला नराकडं सोडता ना?"

"वजन भरलं की सोडतो."

"तेच. काट्यावर ती बाई दिसते, वयानं पोर असते. अजून तिचीच वाढ चाललेली असते. जे खाते ते स्वतःला पुरवायचं की पोटातल्याला?"

बनुबाईनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. तिनं इचारलं, "मंग हळू वाढती ती चांगली?"

"असंही नाही. कुठली हळू वाढते?"

तिनं बारकी दाखवली. डॉक्टर कप्प्यात उतरला. बारकीच्या छातीला कान लावला, मंग तिला आडवी करून सड मोजले. "अकरा. त्यातले दोन आत गेलेले, दूध येणार नाही. आणि ही खोकते कधीपासून?"

"लहानपनापासनं."

"ही हळू वाढली नाही मावशी, ही आजारी राहिली. हिला ठेवू नका."

बनुबाई म्हनली, "बरं." आनखी काय म्हननार.

डॉक्टर बाकीच्यांतनं फिरला. एकीच्या पाठीवर अंगठा दाबला, पुन्हा दाबला. तिला चालवून बघितली, मागनं उभं राहून खूर बघितले. आडवी केली, सड मोजले. "ही कुणाची?"

रेश्मानं मोबाईल बघितला. "चार नंबर. तांबडीचीच. चौऱ्याऐंशी किलो, सात महिने."

"हिचं नाव काय?"

सासू-सुनांनी एकमेकींकडं बघितलं. हिला नावच न्हाई. ही कधी समद्यांच्या पुढं न्हाई, कधी समद्यांच्या मागं न्हाई. खुराक टाकला की मधी कुठंतरी तोंड घालायची आन् खाऊन घ्यायची. बनुबाईनं रोज तिला बघितलं असंल आन् एकदा बी बघितलं न्हाई.

"मधली म्हना," रेश्मा म्हनली.

"चौदा सड. पाय सरळ. पाठ भरलेली. आई नऊ वेतांची." डॉक्टर बाहेर आला, हात धुतले. "ही ठेवा. आणि ती पट्टेवाली मोठी आहे ना, ती पण ठेवू शकता, पण आत्ता नाही. तिचा हा माज जाऊ द्या, पुढचाही जाऊ द्या. तिसऱ्याला बघा. दर एकवीस दिवसांनी येतो. तोवर तिला मोजून खायला घाला, मोकळ्यात चालू द्या. तिचे पाय अजून सरळ आहेत. दीड महिना थांबलात तर कदाचित टिकेल. मी शपथेवर सांगत नाही."

"दीड महिना आमच्या मामांना कोन थांबवनार?" रेश्मा म्हनली.

"ते इंजेक्शन अजून निघालं नाही," डॉक्टर म्हनला आन् गाडीला किक मारली.

आसाराम आला तवा ऊन डोक्यावर हुतं. ड्रम उतरवले, रुमालानं तोंड पुसलं, आन् सरळ नराच्या कप्प्याकडं निघाला. सरपंचीन मोकळ्या जागेत उभी हुती, कान ताठ. रेश्मानं त्याला डॉक्टरचं समदं सांगितलं. तो चालता चालताच ऐकत हुता.

"डॉक्टरला काय जातंय? दीड महिना फुकटचा खुराक कोन घालनार? वजन भरलंय, माज आलाय. आनखी काय पाह्यजे असतं?"

"मामा, सुतळ्या बघा की एकदा."

"सुतळ्या काय बघायच्या? थोरली, लंगडी, त्यांचं नशीब. ही वेगळी हाय. हिच्यासारखी आपल्याकडं झालीच न्हाई." त्यानं नराच्या कप्प्याच्या कडीला हात घातला. आत नर फळीला नाक लावून घुरघुरत हुता. "आन् हिला न्हाई लावायची तर मंग शेड चालवायचं कुनाच्या जिवावर? त्या बारकीच्या?"

"बारकी जानार हाय," बनुबाई म्हनली. ती भिंतीला धरून उभी हुती. तिचा आवाज मोठा नव्हता. "अवं, मला आनली तवा मी बी अशीच भरले हुते."

आसाराम थांबला. हात कडीवरच.

"तुमच्या आईनं दंड बघितला. वय न्हाई इचारलं कुनी. पंधराची हुते मी."

रेश्मा कधी सासऱ्याकडं बघायची, कधी सासूकडं. ह्या घरात ती आठ वर्सं हुती, आन् त्या दोन लेकरांची गोष्ट तिनं शेजारनींकडनंच ऐकलेली. सासूच्या तोंडून कधी न्हाई.

"त्या येळंला..." आसाराम एवढंच म्हनला. तो बी तवा एकोनीसचा हुता. बाराव्या दिशीचं ते गाठोडं त्यानंच नदीकाठी नेलं हुतं, चुलत्याबरोबर. परत येताना चुलता म्हनला हुता, बायकू दांडगी हाय, होतील आनखी. ते आसारामानं बायकूला कधी सांगितलं नव्हतं, पन बनुबाईला कळलं हुतं. गावात काय कळत न्हाई.

नर आतनं फळीला धडका देत हुता. सरपंचीन उभी हुती, कशाचीच कल्पना नसल्यावानी.

आसारामानं कडी जरा हालवली. मंग हात काढला. "ही कडी गंजलीय," म्हनला. "उघडंना. रेश्मा, उद्या तेल घाल हिला."

कडी सकाळीच उघडली हुती, शेन काढाया. रेश्मा म्हनली, "घालते मामा."

तो घराकडं निघून गेला. जेवला न्हाई, नुसतं ताक पिऊन पडला. बनुबाईनं सरपंचीनला बाकीच्या माद्यांपासनं येगळी काढली आन् तिच्यापुढं नेहमीपरीस अर्धंच घमेलं ठेवलं. सरपंचीननं ते चाटूनपुसून साफ केलं आन् तिच्याकडं बघत राह्यली. "बघू नकू," बनुबाई म्हनली. "एवढंच हाय."

शुक्रवारी टेम्पो आला. लंगडीला फळीवरनं चढता येईना. चौघांनी मिळून खाली पोती टाकली, उतार केला, तरी ती मधीच बसली. बनुबाई जवळ गेली, तिच्या कानामागं खाजवलं, म्हनली, उठ गं बाई, तेवढंच एक राह्यलंय. लंगडी पुढच्या गुडघ्यांवर टेकली, मंग मागचं उचललं, मंग गेली. बारकी आपली आपनच चढली, खोकत खोकत. वर गेल्यावर तिनं जाळीतनं बाहेर बघितलं. बनुबाईनं पदर तोंडाला लावला, ऊन लागतंय म्हनून. टेम्पोवाला मधलीकडं आन् सरपंचीनकडं बोट दाखवत म्हनला, "ह्या बी द्या की, भरल्यात चांगल्या."

"भरल्यात म्हनून ठेवल्या न्हाईत," आसाराम म्हनला. त्याला काय म्हनायचं हुतं ते टेम्पोवाल्याला कळलं न्हाई. त्यानं फळी लावली आन् गेला.

शेडात एकदम मोकळं वाटाया लागलं. शहाऐंशीवाली, दुसऱ्या पट्ट्याची, ती बी टेम्पोतनं गेली. तिचे मागचे खूर वाकडे पडत हुते, ते आसारामानंच सकाळी उजेडात बघितलं आन् कुनी न सांगता तिला रांगेत लावली. निळ्या रंगाचा डबा मातर फळीवर हुता. रेश्मानं इचारलं, "मधलीला पट्टा मारायचा का आत्या?"

"नकू. तिला कशाला रंगवायची."

मधलीला तांबडीच्या मोकळ्या कप्प्यात घातली. बनुबाई स्टुलावर चढली, तांबडीची सुतळी पुन्हा खिळ्याला गुंडाळली, आन् तिच्या टोकाला नवी सुतळी बांधली. नव्या सुतळीवर कायच न्हाई, नुसती लोंबत हुती. ती गाभन राहायची, मंग तीन महिनं, तीन आठवडं, तीन दीस, मंग व्यायची, मंग दीड महिना. तवा कुठं पहिली गाठ. बनुबाईला त्या समद्याचा हिशोब करतानाच दमल्यासारखं झालं. तवर होळी येऊन जाईल. गुडघं टिकायला पाह्यजेत.

सरपंचीनला लंगडीच्या कप्प्यात घातली हुती, तिथं तिनं कोरी सुतळी लावली आन् तिला एक लाल चिंधी बांधली. वेताची न्हाई, माजाची. एक गेला.

आसाराम दारात खाटंवर बसून बघत हुता. कालपासनं त्या दोघांत खुराक-पान्याशिवाय बोलनं झालं नव्हतं.

"किती चिंध्या बांधनार?" त्यानं इचारलं.

"आनखी दोन. तिसरीला बघू."

"आन् तवर पाय गेले तर?"

"तर गेले. मंग तिला बी टेम्पो."

त्यानं मान हालवली. जरा येळानं उठला, आत गेला, आन् तेलाची बाटली घेऊन आला. नराच्या कप्प्याची कडी चांगली पुसली, तिला तेल घातलं, दोनदा उघडझाप करून बघितली. मंग कडी लावून टाकली आन् वरनं सुतळीची गाठ मारली, घट्ट. रेश्मा तोंड फिरवून हसली.

"ही गाठ कशाची मामा?"

"तुझी सासू सोडंल तवा सुटंल ती," आसाराम म्हनला आन् ड्रम धुवाया गेला.

बनुबाई स्टुलावरनं उतराया लागली तर गुडघं आखडलं. खाली बघितलं तर फरशी लांब वाटाया लागली. दुपारच्या खुराकाची येळ झाल्ती, चुलीवरचं उकळून वर येत हुतं, आन् समदी डुकरं एका सुरात वरडाया लागल्ती.

"रेश्मा," ती म्हनली, "जरा हात दे गं."